जिवलग मित्रांना सोडावं का? एका तरुण विश्वासीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणारा तरुण २५ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला. शाळेपासूनचे तीन जिवलग मित्र आहेत आणि तिघेही ख्रिस्ती विश्वासात नाहीत. मुलं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत. पण गेल्या वर्षभरात याची रोजची प्रार्थना सुटली, शास्त्रवाचन रविवारपुरतं उरलं आणि उपासनेत बसलं तरी मन कोरडं राहतं. मंडळीतल्या एका वडिलांनी बायबलमधलं १ करिंथ १५:३३ उघडून दाखवलं आणि सांगितलं, "हे मित्र सोड." तो विचारतो, सोडू का? पत्राच्या शेवटी सहज लिहावी तशी एक ओळ आहे: "त्यांच्यातल्या एकाने दोन महिन्यांपूर्वी मला विचारलं होतं, तू अजून प्रार्थना करतोस का? मी हसून विषय बदलला."

त्या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येतो. आधी त्या वचनाबद्दल बोलू, कारण ते तुझ्या मनावर दगडासारखं बसलेलं दिसतं.

"फसू नका, कुसंगतीने नीती बिघडते." वचन खरं आहे. पण ते ज्या अध्यायात आहे तो अध्याय सलग वाच. पंधरावा अध्याय पुनरुत्थानाचा आहे. बाराव्या वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो, मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं तुमच्यापैकी काही जण कसं म्हणतात? "तुमच्यापैकी" हा शब्द नीट बघ. बत्तिसाव्या वचनात तो म्हणतो, मेलेले उठवले जात नसतील तर चला, खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. आणि त्याला लागून कुसंगतीचं वचन येतं. म्हणजे करिंथकरांना ज्या संगतीपासून सावध केलं ती मंडळीच्या आतली होती. ते लोक एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेत होते, फक्त मरणापलीकडे काही नाही असं धरून जगत होते. ती ओळ मुळात मेनांडर या ग्रीक नाटककाराची म्हणून ओळखली जाते. करिंथच्या लोकांना ती तोंडपाठ असणार, म्हणूनच पौलाने ती वापरली. आणि बाहेरच्या लोकांबद्दल याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की जगातल्या पापी लोकांशी संबंधच ठेवू नका असं मला म्हणायचं नव्हतं, तसं करायचं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल.

त्या वडिलांना तुझी काळजी आहे आणि ती काळजी खरी आहे, त्यांचा राग धरू नकोस. पण त्यांनी ज्या दिशेला बोट दाखवलं तिकडे ते वचन बोट दाखवत नाही.

आता हे वाचून सुटलो असंही समजू नकोस. मित्रांचा परिणाम होतो, आणि तुझ्यावर झालेला आहे. फक्त तो कसा झाला हे तुला अजून दिसलेलं नाही.

गेली तीस वर्षं मी पाळक म्हणून काम करतो. "पूर्वीसारखं काही वाटत नाही" असं सांगत जे माझ्यासमोर बसले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना कुणी मित्राने "विश्वास सोड" असं म्हटलेलं होतं. उघड विरोध झाला तर माणूस उलट घट्ट होतो. मला जे वारंवार दिसलं ते वेगळंच आहे. मैत्रीत कशाबद्दल बोलायचं नाही, हे कुणी न ठरवता ठरून जातं. पहिल्यांदा तू म्हणतोस, "परवा उपासनेत एक गोष्ट ऐकली," आणि समोरचा जरा अवघडतो. दुसऱ्यांदा तू शब्द तोंडाशी आल्यावर गिळतोस. तिसऱ्यांदा ते तोंडाशी येतच नाहीत. मग काही महिन्यांनी, ज्यांच्यापाशी तू सगळं बोलतोस त्यांच्यापाशी ही एकच गोष्ट बोलत नाहीस, आणि जी गोष्ट जिवाभावाच्या माणसांत कधी उच्चारली जात नाही ती स्वतःलाही अर्धी खोटी वाटायला लागते. माणूस ज्याच्याजवळ मोकळा होतो त्याच्याच भाषेत तो पुढे स्वतःशी बोलू लागतो. त्या भाषेत प्रार्थना हा शब्द नसेल तर एकांतातही तो सापडेनासा होतो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण व्यसनं लागलेल्या मुलांना ऐकवतो. मला ती अशा चांगल्या, प्रेमळ मैत्रीतच जास्त खरी झालेली दिसते. तिथे सावध राहावं असं कुणाला वाटत नाही.

म्हणून तुझ्या मित्रांनी तुझी प्रार्थना हिरावली असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर तू गप्प झालास, आणि ते गप्प राहणं तुझ्याबरोबर घरी आलं.

आता जी बाजू तुझ्या प्रश्नात नाही ती सांगतो. मित्र विश्वासी आहे एवढ्याने भागत नाही. २ शमुवेलाचा तेरावा अध्याय वाच. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, नको तशी नजर ठेवून झुरत होता. त्याला योनादाब नावाचा मित्र होता. हा दावीदाच्या भावाचा मुलगा, म्हणजे देवाने निवडलेल्या घराण्यातलाच. तो विचारतो, राजपुत्रा, तू दिवसेंदिवस असा वाळत का चालला आहेस? किती चांगला प्रश्न आहे! असा प्रश्न विचारणारा मित्र मिळावा म्हणून लोक आयुष्यभर वाट बघतात. अम्नोन मन मोकळं करतो. त्या क्षणी योनादाब "हे करू नकोस" असं म्हणू शकत होता. त्याऐवजी त्याने युक्ती सांगितली: आजारी पड, तिला जेवण करायला बोलाव. पुढे तामारेचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, दोन वर्षांनी अम्नोनचा खून झाला, आणि योनादाब? तो राजाजवळ उभा राहून शांतपणे सांगतो की सगळे राजपुत्र मेले नाहीत, एकटा अम्नोन मेला आहे. त्याच्या आवाजात दुःखाचा लवलेश नाही. शास्त्र त्याला "फार धूर्त" म्हणतं, पण त्याआधी "मित्र" म्हणतं.

आपल्या मंडळ्यांत योनादाब असतात. ते उपासनेला येतात, गाणी म्हणतात, आणि तुझ्या मनात आधीच असलेल्या चुकीच्या इच्छेला सहानुभूती देतात. "तुझ्यावर अन्यायच झाला, तू कशाला माफ करायचं?" "सगळेच करतात, देव समजून घेतो." अशा मित्राच्या तोंडी शास्त्राची भाषा असते, म्हणून त्याचं ऐकताना मनाला टोचतही नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. माझा एक जवळचा मित्र पाळक आहे. आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, सुरुवात प्रार्थनेने करायचो, आणि मग दोन-अडीच तास इतर सेवकांच्या चुका उगाळायचो. कुणाचं शिक्षण कच्चं, कुणाचा पैशाचा व्यवहार बरोबर नाही, कुणाची मंडळी का फुटली. बाहेरून बघणाऱ्याला ती आदर्श आत्मिक मैत्री वाटली असती. दोन वर्षांनी माझी पत्नी एकदा म्हणाली, "त्यांच्याकडून आलात की दोन दिवस तुम्ही कुणाबद्दल चांगलं बोलत नाही." ते वाक्य मला फार लागलं, कारण मंडळीत माझं बोलणं कडवट का झालंय हे मी स्वतःला विचारत होतो आणि उत्तर कामाच्या ताणात शोधत होतो. मी मित्राला सांगितलं. तो काही आठवडे बोलला नाही. मग त्याचा फोन आला की माझ्याही घरी हेच चाललंय. तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे: हजर नसलेल्या माणसाबद्दल तेवढंच बोलायचं, जेवढं घेऊन लगेच त्याच्यासाठी प्रार्थना करता येईल. आमच्या भेटी निम्म्या वेळात संपू लागल्या आणि घरी परतताना मन हलकं राहू लागलं.

मग खरा मित्र काय करतो? यासाठी मी लोकांना योनाथानाची एकच भेट वाचायला सांगतो, १ शमुवेल २३:१६ ते १८. दावीदाच्या आधीचा राजा शौल त्याचा जीव घ्यायला टपलेला आहे आणि दावीद जीफच्या रानात लपला आहे. शौलाचा मुलगा योनाथान उठून त्या रानात त्याच्याकडे जातो. तो सैन्य नेत नाही, पळून जायची वाटही सांगत नाही. मूळ हिब्रूत शब्दशः असं आहे की त्याने "देवामध्ये त्याचा हात बळकट केला". दावीदाचा हात त्याने स्वतःच्या हातात धरून ठेवला नाही, देवाच्या हातात दिला. भिऊ नकोस, तू इस्राएलाचा राजा होशील, असं तो म्हणाला. म्हणजे देवाने जे आधीच सांगितलं होतं त्याचीच आठवण करून दिली. आणि हे कोण बोलतंय? वडिलांमागे ज्याने गादीवर बसायचं तो राजपुत्र. दावीद राजा होण्यात ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं तोच त्याला धीर देत होता. मग योनाथान घरी गेला, दावीद रानातच राहिला. त्यानंतर दोघांची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. जिवलग म्हणजे रोज भेटणारा, असं आपण धरून बसतो. आयुष्य तोलून धरणारी मैत्री कधीकधी अशा दोन-चार भेटींचीच असते.

असा मित्र लागतो हे कमीपणाचं नाही. धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना जवळ घेतलं आणि म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र मित्रांना जागं राहायला विनवतो आहे. ते झोपले. तीनदा तो येऊन बघतो आणि तरी त्यांना टाकून देत नाही. या एका प्रसंगात मला दोन गोष्टी मिळतात: मित्र मागायला लाजू नये, आणि मित्र कमी पडला म्हणून मैत्री मोडू नये.

आता तुझ्या तिघांबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना सोडू नकोस. पण सल्ला कुणाचा घ्यायचा हे बदल. शलमोनाचा मुलगा रहबाम याने वडीलधाऱ्यांचं न ऐकता आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्यांचं ऐकलं आणि इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा वंश गमावले. सोबत वाढलेले मित्र आपल्याला ओळखतात, पण आपण आता कुणाचे झालो आहोत हे त्यांना माहीत असेलच असं नाही. नोकरी, लग्न, पैसा, माफी अशा प्रश्नांत शेवटचा शब्द त्यांचा नको. बाकी हसणं, फिरणं, एकमेकांच्या दुःखात उभं राहणं चालू ठेव. प्रभूला लोक जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र म्हणून हिणवत होते. हिणवण्यासाठी का होईना, ते खरंच होतं.

सोडावं लागतं अशीही मैत्री असते. जिथे सोबत राहायचं तर पाप करावंच लागतं, खोटं बोलावं लागतं, नशा करावी लागते, कुणाला फसवावं लागतं, तिथे अंतर ठेव आणि त्यासाठी फार स्पष्टीकरणं देत बसू नकोस. नुकताच व्यसनातून बाहेर आलेला माणूस मला विचारतो तेव्हा मी त्याला "साक्ष देण्यासाठी" जुन्या टोळीत पाठवत नाही. नीतिसूत्रे २२:२४-२५ मध्ये रागीट माणसाशी मैत्री करू नको असं आहे, आणि कारण दिलं आहे की त्याच्या चालीरीती तू शिकशील. इथे "शिकशील" हाच शब्द महत्त्वाचा आहे. तुझ्या पत्रात मात्र यातलं काही दिसत नाही.

तुला खरी उणीव आहे ती योनाथानाची. तुझ्या पूर्ण पत्रात मंडळीतल्या एकाही मित्राचा उल्लेख नाही, फक्त एका वडिलांचा आहे, आणि तेही उपदेश करायला आले होते. तीन वर्षं मंडळीत असून हे असं असेल तर त्यात मंडळीचाही दोष आहे, आणि मी पाळक म्हणून ते मान्य करतो. आम्ही लोकांना रांगेत बसवतो, एकमेकांकडे तोंड करून बसवत नाही.

शोधायचा कसा? फार हुशार किंवा फार आत्मिक वाटणारा माणूस शोधू नकोस. तुझं पाप ऐकून जो दचकणार नाही, आणि ऐकल्यावर त्यावर पांघरूणही घालणार नाही, असा एक बघ. तो ऐकलेलं बाहेर सांगत नाही ना, हे एखादी छोटी गोष्ट सांगून आधी पाहा. तुझ्यासारख्या तरुण माणसाने यासाठी पुरुषच निवडावा असं मी नेहमी सांगतो. मग त्याला सरळ विचार: आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटू का? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले होते. त्यात दर भेटीत विचारायचे प्रश्न होते: मागच्या भेटीनंतर तुझ्या हातून कोणतं पाप घडलं, कोणत्या मोहात सापडलास, त्यातून कसा सुटलास. सगळे प्रश्न घ्यायची गरज नाही. "या आठवड्यात देवाशी खरं बोललास का?" एवढा एक पुरेसा आहे, पण तो दोघांनी एकमेकांना विचारायचा. एकच जण कबुली देत राहिला तर ती मैत्री राहत नाही.

आणि हे नेहमी गोड नसतं. इब्री १०:२४ मध्ये प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये, पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून कडाक्याचं भांडण झालं तिथे. म्हणजे ज्या शब्दाने दोन मित्र वेगळे झाले त्याच शब्दाने मित्रांनी एकमेकांना चांगल्याकडे ढकलायचं आहे. त्यात टोचणं आलंच. योनाथान मिळाला तर तो कधीतरी तुला टोचणार, त्याची तयारी ठेव.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येतो. तू विचारलंस की मित्र माझं काय करत आहेत. मी तुला ऑगस्टीनच्या, म्हणजे पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेल्या माणसाच्या, तरुणपणातला एक प्रसंग सांगतो, त्याने तो आत्मकथनात स्वतःच लिहिला आहे. थागास्ते या त्याच्या गावी त्याचा एक जिवलग मित्र होता. ऑगस्टीन तेव्हा मानीपंथाच्या, म्हणजे प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या पंथाच्या, नादी लागला होता आणि या मित्रालाही त्याने ख्रिस्ती विश्वासापासून ओढून आपल्याबरोबर नेलं होतं. मित्र तापाने बेशुद्ध पडला. त्याच अवस्थेत त्याला बाप्तिस्मा दिला गेला. तो शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली, त्याला वाटलं मित्रही हसेल. मित्राने त्याच्याकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं आणि सांगितलं, माझा मित्र राहायचं असेल तर असं बोलू नकोस. काही दिवसांनी ताप उलटला आणि तो गेला. ऑगस्टीन त्या दुःखाने वेडापिसा झाला. ज्याला एक दिवस मरायचं आहे त्याच्यावर आपण तो कधीच मरणार नाही असं समजून प्रेम केलं, असं त्याने पुढे लिहिलं.

हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला एकच गोष्ट अस्वस्थ करते. ऑगस्टीनला त्या वेळी आपण मित्राचं नुकसान करतो आहोत असं वाटतच नव्हतं. कुणाच्या तरी आयुष्यात आपणही तो "मित्र" असतो.

तुझ्या मित्राने दोन महिन्यांपूर्वी विचारलं, तू अजून प्रार्थना करतोस का? त्यात थट्टा होती असं तुला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. "अजून" या शब्दात कुणीतरी तुझ्याकडे बराच काळ बघत असल्याची खूण आहे. कदाचित त्याच्या घरी काही घडलं असेल, कदाचित त्याला स्वतःलाच प्रार्थना करावीशी वाटत असेल आणि कशी करायची हे माहीत नसेल. नक्की काय ते मला सांगता येणार नाही. पण तो प्रश्न अजून तसाच पडून आहे.

म्हणून कुणाला सोडायचं हे ठरवण्याआधी त्याला एकट्याला भेट. तिघांना एकत्र नको. त्याला म्हण, "तू मला त्या दिवशी विचारलं होतंस आणि मी हसलो. खरं उत्तर असं आहे की वर्षभरापासून माझी प्रार्थना सुटली आहे, आणि मला ती परत हवी आहे." एवढंच सांग, उपदेश करू नकोस. मग थांब, आणि त्याला बोलू दे. तो काय म्हणाला ते मला कळव. तू भेटायला जाशील त्या दिवशी सकाळी मी तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करत असेन, दिवस ठरला की तेवढा मात्र आधी सांग.